दोघी आलात तर

"आम्हाला काही गरज न्हाई," म्हणत आणखी एका बाईनं दार लावलं, तेव्हा अक्षराला रडू यायचंच बाकी राहिलं.

लातूरच्या त्या पेन्शनरांच्या कॉलनीत ती सकाळपासून घरोघर विचारत फिरत होती. आयटीआयमध्ये ती वायरमनचं काम शिकली होती. पंखा, नळ, दिवे, घरातलं काहीही बिघडलं की एका फोनवर दुरुस्त करून द्यायचं, असा धंदा तिला सुरू करायचा होता. पण आधी लोकांना हे हवंय का, ते बघावं असं तिनं ठरवलं होतं. दुकानासाठी मेन रोडवर एक गाळा भाड्यानं मिळत होता, त्या गाळेवाल्याला संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं होतं.

सोबत सासू होती, रत्नम्मा. सून एकटी कुठं फिरणार म्हणून आलेली. "चल घरी," तिचं चारदा म्हणून झालं होतं.

"हे एक घर बघू, आत्याबाई. मग जाऊ."

जाळीच्या दारामागं सरजाबाई उभ्या राहिल्या. रिटायर नर्स, एकट्या राहणाऱ्या. अक्षराचं बोलणं त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. "सगळं ठीक हाय घरात," म्हणाल्या. कडी काही काढली नाही.

"बाई, घोटभर पाणी मिळंल का?" रत्नम्मानं विचारलं. तिचा चेहरा उन्हानं लाल झाला होता.

पाण्यासाठी मात्र दार उघडलं.

आत उकाडा होता. पंखा बंद. स्वयंपाकघरात नळाला चिंधी बांधलेली, तरी थेंब पडतच होते. अक्षरानं वर पाहिलं, मग सरजाबाईंकडं.

"मावशी, पंखा कधीपासून बंद हाय?"

"होळीपासून."

"आणि तुम्ही म्हणालात, सगळं ठीक हाय."

सरजाबाई ओशाळल्या. "काय सांगू बाई. मिस्त्री बोलवायचा म्हंजे अनोळखी माणूस घरात घ्यायचा. लेक पुण्याहून रोज बजावतो, कुणाला दार उघडू नको. पंख्याबिगर जमतंय. भ्या घेऊन बसायचं जमत न्हाई."

"आमी बी अनोळखीच की," रत्नम्मा म्हणाली.

"तुमी बसलात ना अशा निवांत. घरात कुणी बसलेलं असलं की भ्या वाटत न्हाई."

अक्षरानं स्टूल मागून घेतलं. पिशवीतला टेस्टर काढला. वर चढून ती पंखा बघत असताना खाली बोलणं सुरू झालं होतं. सरजाबाईंची नोकरी मुखेडला झालेली, रत्नम्माचं माहेर देगलूरचं. तिकडचा बाजार, एसटीतली गर्दी, बाळंतपणाला बैलगाडीतून आलेल्या बाया. भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोखाली दोघींचा चहा झाला, परत एकदा ठेवला गेला. कशावर तरी रत्नम्मा खळखळून हसली. अक्षराचा हात वरच थांबला. सासरे गेल्यापासून हे हसू तिनं घरात ऐकलं नव्हतं.

"कंडेन्सर गेलाय," उतरून ती म्हणाली. "उद्या नवा आणून बसवते. नळाचा वायसर पण बदलते."

"दोघी येणार का?" सरजाबाईंनी विचारलं. विचारलं मात्र रत्नम्माकडं बघून.

रस्त्यावर आल्यावर अक्षरानं गाळेवाल्याला फोन लावला. "गाळा नको दादा. आमचं काम लोकांच्या घरात हाय. दुकानात बसून काय करू?"

रत्नम्मा चालता चालता थांबली. "आमचं?"

"तुमचं-माझं. सकाळपासून मी काय बिघडलंय तेच विचारत होते, आत्याबाई. दार कुणासाठी उघडतं ते विचारलंच न्हाई."

"येडी का खुळी तू? मला बोर्डाला हात लावायचं भ्या वाटतं. मी काय करणार तुझ्या धंद्यात?"

"तुम्ही बसायचं. चहा प्यायचा. बोलायचं."

ऊन अजून उतरलं नव्हतं. रत्नम्मानं पदरानं तोंड पुसलं, कपाळावरची विभूती पुसली तर गेली नाही ना म्हणून बोट लावून पाहिलं, आणि सुनेच्या पुढं होऊन शेजारच्या घराचं फाटक स्वतःच उघडलं.