जुनी प्लेट

“हात काळे होतील ताई, पण धरा,” असं म्हणत बहिरूमिस्त्रीनं जुनी क्लचप्लेट हर्षालीपुढं केली.

आडगाव नाक्यामागच्या त्याच्या गॅरेजात हा नियमच होता. मालकानं जुनी प्लेट हातात घेतल्याशिवाय मिस्त्री नवी बसवत नसे, मग मालक कितीही घाईत असो. हर्षाली घाईतच होती. वडिलांचे तीन ट्रक आता ती सांभाळत होती आणि त्यांतला हा सर्वांत जुना, अठरा वर्षांचा. त्याचं इंजिन नव्यानं बांधून ठोकळ्यांवर तयार होतं. क्लच ठरला की ते चढवायचं.

प्लेट जळालेली असणार हे तिला बघायच्या आधीच ठाऊक होतं. गेल्या महिन्यात कांदा भरून सुरतेला जाताना सापुताऱ्याच्या घाटात ट्रक चढेनासा झाला होता. इंजिन ओरडतंय आणि चाकं जागच्या जागी. “काका, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता,” असं ती फोनवर सावळीरामला फाडकन बोलली होती. सावळीराम म्हणजे त्या ट्रकचा पहिल्यापासूनचा ड्रायव्हर, साठीला टेकलेला. “बरं ताई,” एवढंच तो म्हणाला होता. दुसरा कुणी निदान अंगण तरी वाकडं म्हणाला असता. हा तेही म्हणाला नाही. मौन म्हणजे कबुली, असा तिनं अर्थ लावला आणि नामपूरचा एक तरणा ड्रायव्हर बघून ठेवला. सोमवारपासून तो येणार होता. हे सावळीरामला आज सांगायचं, अवघड काम एकदाचं उरकायचं, म्हणून तिनं त्यालाही गॅरेजवर बोलावलं होतं. तो पलीकडे पाण्याच्या पिंपाशी उभा होता.

मिस्त्रीनं डिझेलच्या बोळ्यानं प्लेट पुसली. “बोट फिरवा.”

हर्षालीनं ताटाएवढ्या त्या चकतीच्या कडेनं बोट फिरवलं. कुठं खोल नाही, कुठं उंच नाही. काळीही पडलेली नव्हती. तिनं ती उलटी केली. तिकडंही तसंच, सगळीकडं सारखं झिजलेलं.

“आता ही बघा. दुसऱ्या एका गाडीची. चौदा महिनं चालली.” मिस्त्रीनं भंगारातून आणखी एक प्लेट ओढून काढली. तिचा कोळसा झाला होता आणि रिव्हेटी बाहेर आल्या होत्या.

“आणि आमची किती वर्षांची?”

उत्तर पिंपाकडून आलं. “तुम्ही बारावीला होता ताई. त्या साली मालकांनी टाकली.”

म्हणजे अकरा वर्षं. “मिस्त्री, दिवसातून कितीदा दाबावा लागतो क्लच?”

“गावागावातनं जायचं, घाट चढायचा, मार्केटात रांगेत सरकायचं. पाचशेला मरण नाय.”

हर्षालीनं सुट्टीचे दिवस वगळून मनात गुणाकार केला. पंधरा-सोळा लाख. पंधरा-सोळा लाख वेळा एकच पाय खाली गेला आणि वर आला, आणि त्यानं एकदाही घाई केली नाही. रागात नाही, पेंगताना नाही, घरून वाईट बातमीचा फोन आला असेल त्या दिवशीही नाही. तिच्या अंगावर काटा आला. एवढं मोठं काही आपल्याच ट्रकमध्ये रोज चाललं होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. ते तेलकट लोखंड तिला खाली ठेवावंसं वाटेना.

“मग घाटात काय झालं?”

“हे खाचांत मुरलेलं तेल बघा, पुसूनबी गेलं नाय. इंजिनच्या मागचं सील गेलं, तेल प्लेटीवर आलं. तेलावर भीमाचा पायबी घसरंल. दोष इंजिनचा होता. ते आता बांधलं.”

ती सावळीरामकडे वळली. “काका, मी एवढं बोलले. तुम्ही का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? उघडल्यावर दिसंलच म्हणलं.”

मिस्त्रीनं गोणपाटावरच्या दोन कोऱ्या प्लेटा पुढं सरकवल्या. “ही साधी. जाणत्या पायाखाली लय वर्षं जाती. ही बटणाची. दणका देती, पण जळत नाय, कसाबी पाय मारा. तर गाडी चालवणार कोण, ते सांगा. मग ठरवू.”

हर्षालीची नजर पिंपाकडं गेली.

“बटणाची बसवा,” सावळीराम म्हणाला. “सोमवारपास्नं नामपूरचा पोरगा येतोय. साधी असली तर आठ दिवसांत धूर काढंल. वाईट नाय तो, पण पाय तरणा हाय. बसायला वेळ लागंल.”

त्यात टोमणा नव्हता. गाय दुसऱ्याच्या दावणीला जाताना माणूस तिच्या चाऱ्याचं सांगतो, तसं तो सांगत होता. त्याला हे कधी कळलं, कुणाकडून कळलं, हे विचारायची हर्षालीची छाती झाली नाही. तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं साधी प्लेट उचलली आणि मिस्त्रीच्या हातात दिली.

“ही बसवा. गाडी काकाच चालवतील. नामपूरला मी आज फोन करते.”

 सावळीराम सावकाश जवळ आला आणि मिस्त्रीच्या शेजारी उकिडवा बसायला गेला, पण तसाच उभा राहिला.

“मग बहिरूभाऊ, क्लचचं पेडल जरा खाली घ्या,” तो हळूच म्हणाला. “सात वर्षं झाली, डावा गुडघा वर येत नाय.”