जुनी सिस्टीम

मेल्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याच्या मनातलं बोलून दाखवणारा टॅबलेट मुका झाला. कुमुदने दुरुस्तीवाल्या मुबीनाला बोलावून त्यावर कंपनीच्या सिस्टीमऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकून घेतली. स्क्रीन उलटी आली, ती सरळ केली. आवाज मात्र तिसऱ्या खेपेला फुटला.

कुमुद सरसावून बसली. रोजचंच ऐकायचं होतं, "चहा फक्कड झालाय, कुमुद. मी मजेत आहे."

"पाठ जळतेय," टॅबलेट म्हणाला. "सहा वर्षं ओरडतोय. तुला ऐकू येत नाही का गं?"

मुबीनाने जुन्या सिस्टीमचा बॅकअप चाळला. "काकू, कंपनीवाले काकांचं बोलणं गोड करून ऐकवायचे."

कुमुदने टॅबलेटचा आवाज कमी केला. मग हळूच म्हणाली, "ती जुनी सिस्टीम परत टाकता येईल?"