दोन उत्तरं

"घाबरू नका हो," साहेब म्हणाले, "हरलात तरच जायचंय."

स्वतःच्याच विनोदावर ते हसले. तोही हसला. साहेबांपुढे न हसायची सवय कधीच मोडली होती.

मग साहेबांनी नियम सांगितले. महिनाभर प्रत्येक काम दोघांना द्यायचं. एकदा त्याला आणि एकदा कंपनीने आणलेल्या नव्या एआयला. दोन्ही उत्तरं नाव न घालता बाहेरच्या परीक्षकाकडे जातील. परीक्षक त्यातलं एक निवडेल. महिन्याअखेर एआय पुढे निघाला, तर त्याची नोकरी संपली.

"परीक्षक कोण?"

"मलाही ठाऊक नाही. एजन्सी नेमते. असलं काम पूर्वी केलेला माणूस हवा, एवढंच आम्ही सांगितलंय." साहेबांनी आवाज खाली आणला. "आणि हा एआय तसा परका नाही बरं का. तुमचा आजवरचा सगळा कोड त्याला वाचायला दिलाय. तुमचाच चेला म्हणा ना."

दिवसभर ते वाक्य त्याच्या डोक्यातून गेलं नाही. आपल्यातले दोष वजा करून उरलेला आपण, असा प्रतिस्पर्धी त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याच्याशी कसं भांडणार?

घरी बायको जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. एके काळी ऑफिसात दोघांची टेबलं शेजारी शेजारी होती. मुलगी झाली तेव्हा एकाने घरी राहायचं ठरलं, आणि कोणी, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. आता मुलगी मोठी झाली होती, आणि बायकोने तासांवर कसलंसं तपासणीचं काम घेतलं होतं. गुप्ततेचा करार आहे, एवढंच ती म्हणाली होती.

"एवढं काय गुप्त? सरकार चालवतेस की काय?" तो हसून म्हणाला होता. त्यानंतर तिने तो विषय काढला नव्हता. तो आला की ती लॅपटॉप मिटायची.

आजही तिने तो मिटला आणि ताटं घेतली. जेवताना त्याने परीक्षेचं सांगितलं. ती घास हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे परीक्षकाला नाव दिसत नाही?"

"नाही."

"मग बरंच की. तू लिहितोस चांगलं."

"लिहायचो."

"अरे, तुझ्या कोडच्याच तर प्रेमात पडले मी. तोंड तेव्हाही असंच होतं."

मुलगी खो खो हसली. त्याला हसू आलं नाही.

पहिलं काम त्याने आतल्या खोलीत बसून पूर्ण केलं. मग परक्याच्या नजरेने वाचून पाहिलं आणि शरमला. घरच्या कपड्यांत मुलाखतीला गेल्यासारखा दिसत होता तो कोड. जागोजागी शंका, जागोजागी खबरदारी. भित्र्या माणसाचं लिखाण.

त्याने बाजारात मिळणारा दुसराच एक एआय उघडला आणि टाइप केलं, 'कृपया हे आजच्या पद्धतीने लिहून द्या.' बघता बघता सगळं चकचकीत होऊन परत आलं. त्यात त्याचा मागमूस राहिला नव्हता. हायसं वाटून त्याने तेच पाठवून दिलं.

दुसऱ्या कामाच्या वेळी मुलगी मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, मशीनला 'कृपया' आणि आईला नुसतं 'चहा'?"

"हळू बोल! आईला सांगू नकोस हं."

"काय? तू कृपया म्हणतोस ते?"

"काहीच सांगू नकोस."

बायकोला कळलं तर तिच्या लेखी आपण उरलो नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. आपल्यात आवडण्यासारखं तिला जे काही एकदा सापडलं होतं, ते आपण स्वतः लिहिलेला कोड, एवढंच होतं. तरी त्याने पुढचं प्रत्येक काम तसंच पाठवलं. आपलं लिखाण उघडंवाघडं परीक्षकापुढे ठेवायचा धीर त्याला एकदाही झाला नाही.

बायको मात्र हळूहळू खुलत चालली होती. भांडी लावताना गुणगुणायची. तो डोकं धरून बसला की म्हणायची, "अजिबात काळजी करू नकोस. तूच जिंकणार."

एकदा तो वैतागलाच. "तुला काय कळतं आता त्यातलं? तुझं सगळं सुटलंय, तुझ्यावर कोणाची भाकर अडलेली नाही. उगाच धीर देऊ नकोस."

ओट्यावरचा पुसलेला कोपरा तिने पुन्हा पुसला.

महिना संपला. साहेबांनी त्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. या वेळी विनोद केला नाही.

"एखादं तरी तुमच्या बाजूने पडेल असं वाटलं होतं मला," ते म्हणाले. "एकही नाही हो."

तो घरी आला तेव्हा ऊनही उतरलं नव्हतं. हातातली ऑफिसच्या कपाटातल्या सामानाची पिशवी पाहून बायको दारातच थबकली.

"काय झालं?"

"हरलो."

"शक्यच नाही."

"सगळ्यात हरलो. परीक्षकाने दर वेळी एआयचं उत्तर निवडलं."

ती खुर्चीला धरून खाली बसली.

"करार गेला खड्ड्यात," ती म्हणाली. "तो परीक्षक मी होते. तू जेवताना सांगितलंस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली जोडी आली. एक उत्तर गुळगुळीत, कोणाचंच नसल्यासारखं. आणि दुसऱ्यात काय, तर यादी रिकामीच आली तर काय करायचं, ते सगळ्यात आधी! बाहेर पडताना तू गॅस चाचपून बघतोस ना, अगदी तस्सं. नाव कशाला लागतंय मला?"

तिने त्याचा हात धरला.

"दर वेळी मी तुलाच निवडलं रे."