पॅनेलवरचं वाळवण

"दिवा लागत नाही म्हणून निरोप धाडलास ना, आई?" घोड्यावरून उतरता उतरता जिपारने विचारलं. "मग हे काय?"

लोकरीच्या जाड नमद्याच्या तंबूपाशी सौर पॅनेल जमिनीवर आडवं केलेलं होतं. त्यावर स्वच्छ फडकं, आणि फडक्यावर कुरुत, खारवलेल्या चक्क्याचे पांढरे गोळे, वाळत घातलेले.

उमसुनाईने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "तिथे ऊन चांगलं लागतं गं."

"उन्हाला आख्खा डोंगर पडलाय, तुला हीच जागा सापडली? सूर्याच्या तोंडावर झाकण घालायचं आणि दिव्याला नावं ठेवायची."

उमसुनाई नुसती हसली आणि चहात दूध घालू लागली.

मागच्या उन्हाळ्यापर्यंत तंबूत ट्रकची जुनी बॅटरी होती. दर आठवड्याला जिपार सासरहून वर कुरणावर यायची, चार्ज केलेली बॅटरी ठेवायची, उतरलेली घेऊन जायची. मग जावयाने हे पॅनेल आणून बसवलं. एका मेंढीच्या किमतीत आलं, आणि काम चोख. पहाटेच्या नमाजाला दिवा, दिवसभर रेडिओ. तेव्हापासून जिपार आली नव्हती. दिवा रोज लख्ख लागायचा. उमसुनाई त्याच्या उजेडात एकटीच जेवायची.

"काही बिघडलं तरच निघता येतं मला," जिपार खालच्या आवाजात म्हणाली. "सासूबाई विचारतात, आता वर तुझं काय काम?"

"खरंच आहे त्यांचं," उमसुनाई म्हणाली. "यंत्र चांगलं आहे. नाव ठेवायला जागा नाही."

जिपारने गोळे उचलले, पॅनेल पुसलं, दक्षिणेकडे तोंड करून उभं केलं. थोड्या वेळाने तंबूत दिवा लागला. दोघी त्याच्याकडे बघत बसल्या. चहा निवून गेला.

निघायची वेळ झाली. विहीणबाईंसाठी लोणी बांधून द्यायला उमसुनाई आत गेली. बाहेर आली तेव्हा जिपार घोड्यावर बसली होती. पुरचुंडी घेताना तिने आईचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

उमसुनाईने ओंजळ पसरली, डोळे मिटून दुवा मागितली, "ओमिन" म्हणत तोंडावरून हात फिरवले. घोडा उतारावर लहान लहान होत दिसेनासा झाला. मग ती तंबूकडे वळली.

पॅनेल पुन्हा आडवं होतं. त्यावर फडकं, आणि फडक्यावर कुरुत. तिने स्वतः घातलं होतं त्याहून दाट.