न उघडलेलं दार

तासगावच्या त्या शीतगृहात पूर्वी द्राक्षं ठेवत. आता औषध सापडेपर्यंत आजारी माणसं निजवून ठेवतात. पारा अर्धा अंश जरी हलला, तरी आतलं माणूस पुन्हा उठायचं नाही. म्हणून भाऊबीजेला आलेल्या बहिणींनाही शीतगृह सांभाळणारी शर्वरी बंद दारालाच ओवाळायला लावायची. लोक तिला दगडाच्या काळजाची म्हणायचे.

अखेर औषध आलं. सगळ्यांत आधी शर्वरीची आई जागी झाली, लेकीपेक्षा तरुण. लेकीचे पिकलेले केस बघून ती म्हणाली, "इतक्या वर्षांत एकदाही आत आली नाहीस गं?"

"नाही आले," शर्वरी ताठ मानेनं म्हणाली. "मागं बघ."

मागं एकूण एक माणूस उठून बसत होतं.

आईनं गारठलेली बोटं लेकीवरून ओवाळून आपल्या कानशिलांवर कडाकडा मोडली.