पुष्पाची सॅक

यमाजीने पुष्पाची सॅक दगडावर उपडी केली. पाहुण्यांना दोराने घळीत उतरवण्याआधी प्रत्येकाची सॅक तो अशीच बघायचा. सुनेलाही सूट नव्हती. पुण्याच्या पाच पाहुण्यांच्या सॅकमधून पाणी, बॅटरी, खाऊ, सगळं नीट निघालं होतं. पुष्पाच्या सॅकमधून निघाला एक सदरा. इस्त्री केलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला.

सदरा दादाभाऊचा होता, यमाजीच्या पोराचा. गेल्या श्रावणात वरून लोंढा आला आणि दादाभाऊला याच घळीत घेऊन गेला. आठ दिवस शोधलं, हाती काही लागलं नाही.

"पाणी कुठंय तुजं?"

"ऱ्हायलं."

"आन् ह्यो सदरा?"

"त्यांची कापडं वल्ली झाली आसतील की," पुष्पा अगदी सहज म्हणाली.

दोन महिन्यांत पोरगी दोराचं सगळं काम शिकली होती. कड्याच्या टोकावर उभी राहिली तरी तिचे पाय लटपटायचे नाहीत. पाहुणे कौतुक करायचे, तोही मिशीतल्या मिशीत हसायचा. खाली कसं उतरायचं ते तिने दहादा विचारलं होतं. परत कुठून यायचं हे एकदाही नाही, आणि ते स्वतःला शहाणा समजणाऱ्या यमाजीला आज कळत होतं.

त्याने तिच्या कमरेच्या पट्ट्यातली दोराची कडी सोडवली. "तू न्हाई उतरायचं, पोरी. ज्याला परत यायचंय त्यानंच उतरावं."

पुष्पा भांडली नाही, रडलीही नाही.

"पावण्यांच्या व्हिडिओत समद्यांच्या मागं तुमी दिसता, मामंजी," ती म्हणाली. "कपारीत बॅटरी मारून काय बगता वो?"

घळीतून पाण्याचा घुमारा वर येत होता. त्यात कुणीतरी हाक मारतंय असं यमाजीला दर रविवारी वाटायचं. आजही वाटलं.

"काका, निघायचं ना? ऊन चढलं," एक पाहुणा म्हणाला.

यमाजीने स्वतःच्या कमरेचा पट्टा सोडला आणि दोर गुंडाळायला घेतला.

"आज न्हाई, पावणं. तुमाला परत आणंल आसं आमच्यात कुणी न्हाई."