देवलीची ओळ

वारल्यांच्या लग्नात नवसी धवला हे लग्नगीत गायची आणि तिची बहीण देवली मागून तीच ओळ उचलायची. देवली मरण पावली, तरी नवसीची सवय गेली नाही. प्रत्येक ओळीनंतर ती बहिणीपुरती जागा सोडून गप्प राही.

नात मोनालीने सालवडच्या आपल्या खोलीत, भर दुपारी दार लावून, आजीचा धवला मोबाइलवर उतरवला आणि गाण्यांच्या ॲपवर चढवला. ॲपने गाणं मोजलं. वेग किती, जोर किती, आनंद किती, सगळं पडद्यावर आलं.

"आजी, आनंद भरपूर दाखवतंय! तू तर गाताना रडत होतीस."

"त्या डब्याला काय कळतं माझं!"

मग मोनाली थबकली. "मधली शांतता शून्य म्हणतंय. पण तू तर थांबत होतीस."

दोघींनी गाणं परत ऐकलं. थांबलेल्या जागी काहीच ऐकू आलं नाही. पडद्यावरची आवाजाची रेघ मात्र तिथेही ओळीभर चढलेली होती.

नवसी त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. "परत उतरवायला लाव," ती म्हणाली. "देवले, आता तू आधी म्हण. मी मागून घेते."

मोनालीने मोबाइल लावला. नवसीने ओठ मिटले. पडद्यावरची रेघ हळूच उठली, ओळीभर थरथरली आणि सपाट झाली. मग तशीच सपाट राहिली.

"आजी, नको." मोनालीने तिचा हात घट्ट धरला. "तू नको म्हणू आता."

"ती थांबलीय गो माझ्यासाठी," नवसी म्हणाली, आणि तिने छातीभर श्वास घेतला.